ओळ एकशे बारा कुणीही काढू नये

मी, वय एकोणीस पूर्ण, नववीत शाळा सोडलेली, रक्तपेढीच्या जिन्याखालच्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करणारी, हे लिहिते तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते हृदय. उद्या त्याची झडप बदलणार. आई म्हणते, "असलं अभद्र लिहू नकोस गं." पण लिहिल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही, हे तिलाही माहीत आहे.

१. लॅपटॉप धाकट्या भावाला. गेम खेळ, पण माझ्या फाइली पुसलेल्या चालणार नाहीत.

२. खुर्चीवरची उशी लिफ्टवाल्या काकांना. दिवसभर लाकडी स्टुलावर बसतात. मला "मुकी मैना" म्हणतात, पण मायेनं.

३. रक्ताच्या फ्रिजवर लक्ष ठेवणारा, पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्राम मी लिहिला. तापमान सहा डिग्रीच्या वर गेलं की घंटा वाजते. नवा सेन्सर दोन डिग्री कमी दाखवतो, म्हणून ओळ एकशे बारावर मी दोन मिळवले आणि वर कॉमेंट टाकली: "हे दोन चुकून आलेले नाहीत. सेन्सर खोटं बोलतो. काढू नका." कॉमेंट मशीन वाचत नाही. ती माणसांसाठी असते.

मावसभाऊ, म्हणजे दादा, माझा साहेब. मोठे डॉक्टर प्रोग्राम बघायला येणार म्हणून त्यानं माझ्या सगळ्या कॉमेंट उडवल्या. "हा काय निबंध लिहिलायस? कोण वाचतं?" एकच ठेवली, सगळ्यात वरची, त्यानंच घातलेली: स्वतःचं नाव. आठवड्यानं त्यालाच ते दोन चूक वाटले. काढले. घंटा वाजलीच नाही. टेक्निशियन ताईंच्या हाताला पिशवी गार लागेना, तेव्हा कळलं. बावीस पिशव्या फेकल्या.

मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "शाळा सोडलेल्या पोरीकडून दुसरं काय होणार!" दादा छताकडे बघत बसला. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. फुटत असता तर कॉमेंट कशाला लिहिल्या असत्या?

४. दादाला काही नाही. माझ्या नावानं रडायचा हक्कसुद्धा नाही.

५. निळी वही ताईंना. दादानं उडवलेली प्रत्येक कॉमेंट तिच्यात ओळीच्या नंबरासकट आहे.

६. ओळ एकशे बारा मी परत लिहिली, कॉमेंटसकट. काल दादा म्हणाला, "परत तोच कचरा? तू जा ऑपरेशनला, मी साफ करतो." उद्या मला चार पिशव्या रक्त लागणार. ते त्याच फ्रिजमधून येणार.

म्हणून हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडू नये. ताईंनी आजच, सगळ्यांदेखत, दादाला मोठ्यानं वाचून दाखवावं. कॉमेंट कुणी वाचत नाही म्हणतोस ना दादा, मग ही ऐक.

साक्षीदार: टेक्निशियन ताई (सही), लिफ्टवाले काका (अंगठा. सही येते, पण चष्मा घरी राहिला)

लिहून देणार: मुकी मैना (सही)

जिन्याखालची खोली, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन. फ्रिज आत्ता चार डिग्रीवर आहे. खरे चार.