माहेराहून येणारं पाणी

भिवरवाडी, ता. दौंड
२० एप्रिल २०२५

ती. दादास,
सुवर्णाचा नमस्कार. वि. वि. फोनवर आपलं भांडण व्हतं आन् कुणीतरी मधीच फोन ठेवतं, म्हणून लिहिते. कागदावरचं बोलणं मधी तोडता येत न्हाई.

सासूबाईंच्या दहाव्याला तू आलास, बरं वाटलं. पण नाकाला रुमाल लावून बसलास आन् पिंड सोडायच्या आत गाडीत जाऊन बसलास, ते साऱ्या भावकीनं पाह्यलं. मागं काय झालं ते तुला ठाऊक न्हाई. ह्यांनी आईचा पिंड भीमेत सोडला. पाणी काळं, वर फेस, जलपर्णीच्या कडंला माणसाची घाण तरंगत व्हती. ती येऊन पिंडाला चिकटली. गुरुजींनी मान फिरवली. ह्यांनी हातानं ती बाजूला केली आन् तेच हात आईला जोडले. घरी येऊन किती येळ साबणानं हात घासत व्हते. अजून त्या हातानं भाकरी मोडताना थांबतात.

आमच्या वरच्या अंगाला पहिलं गाव तुझं. सणसवाडीच्या कारखान्यांतल्या कामगारांना तू ज्या खोल्या भाड्यानं दिल्यात, त्यांचे संडास ओढ्याला सोडलेत आन् ओढा भीमेला मिळतो. एक मेच्या ग्रामसभेत मैलापाणी शुद्ध करायच्या केंद्राचा विषय हाय म्हणतात. तू काय बोलणार, कळव.

वहिनीला नमस्कार. माया असू दे.
तुझी,
सुवर्णा


खडकमळा, ता. शिरूर
३ मे २०२५

चि. सौ. सुवर्णास,
सर्जेरावचे आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. ल्हानपणी ताटात केस निघाला तर दिवसभर उपाशी राहायचीस, ती खोड अजून गेली न्हाई. आंब्याची पेटी पाठवलीय, राग गिळायला उपयोगी पडंल.

ग्रामसभा जोरात झाली. तालुक्याहून इंजिनिअर मॅडम आल्या व्हत्या. केंद्राचा चालवायचा खर्च गावानं उचलायचा, घरटी पट्टी, आन् खोल्यावाल्यांना खोलीमागं जादा. हे पाणी शेवटी समुद्राला जातं, तिथले मासे मरतात, असंही त्यांनी सांगितलं. समुद्र कुणी पाह्यलाय का, असं मागून कुणीतरी विचारलं आन् सारा मांडव हसला. मग मी उठलो. एवढं मोठं पुणं रोज नदीत घाण सोडतंय, त्यांना कुणी पुसत न्हाई. आमच्या मूठभर गावानं भुर्दंड का भरायचा, असं ठणकावलं. टाळ्या पडल्या. विषय बारगळला.

तू म्हणशील दादा निर्दयी. पण माझं म्हणणं खोटं हाय का, ते सांग. आमच्या जावईबापूंना, बन्सीरावांना, हातासाठी मलम धाडतोय.
आठवण ठेवावी.
तुझा दादा


भिवरवाडी
११ मे २०२५

ती. दादास,
नमस्कार. वि. वि. आंबे पोचले. कुणी खाल्ले न्हाईत. झाडं ओढ्याकडंची, घशाखाली उतरंनात. गाईनं खाल्ले.

तुझं म्हणणं खोटं न्हाई. पुण्याचा मला राग येतो, रोज येतो. पण तुझ्या ओढ्याची मला किळस येते, कारण तो माझ्या माहेरचा हाय. पुणं मला बहीण म्हणत न्हाई, दिवाळीला साडी नेसवत न्हाई. तू नेसवतोस, आन् वरून हे धाडतोस.

परवा भीमेच्या पाण्यावरची शेवंती बाजारात नेली. व्यापाऱ्यानं फुलं नाकाशी धरली आन् पोत्यावर टाकली. देवाला वाहायची फुलं, आन् तो माणूस हात पुसत व्हता. त्या टाळ्या तुला लखलाभ. यंदा मी माहेरी यायची न्हाई.
सुवर्णा


खडकमळा
१८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुवर्णास,
आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी चिडलो. मग खोल्यांची ओढ्याला सोडलेली नळी बुजवली, टाकी बांधली, आन् उपसायला टँकर लावला. वाटलं, आपलं काम झालं, आता तुला ताठ मानेनं कळवावं.

एक दिवस त्या टँकरच्या मागं मोटारसायकल घातली. त्यानं पुलापाशी गाडी लावली, पाइप सोडला आन् सगळं त्याच ओढ्यात. खाली बाया धुणं धूत व्हत्या, त्या धुणं उचलून बाजूला झाल्या. रोजचंच असावं. मला तिथंच उलटी झाली. ड्रायव्हरला झापलं, तर तो शांतपणे म्हणाला की सगळेच हितं वततात, दुसरी जागा कुठं हाय ती दाखवा.

पंधरा ऑगस्टच्या सभेत मी उठून हे जसंच्या तसं सांगितलं, उलटीसकट. मेच्या सभेत मी काय बोललो व्हतो ते आपल्या आळीतल्या दत्तानं सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. लोक हसले. हसू दिलं. खोल्यांवरची जादा पट्टी मला मान्य, एवढंच बोलून हात वर केला. हळूहळू बरेच हात वर आले. ठराव झाला.

मग जागेचा प्रश्न निघाला, आन् तेच हात खाली. मैल्याचं केंद्र आपल्या बांधाला कुणालाच नको. शेवटी आपल्या घरामागचा तुकडा मी लिहून दिला. तुझी वहिनी माझ्याशी बोलत न्हाई. वास अंगणात यील, पाव्हणे दारात थांबायचे न्हाईत, असं शीतल सूनबाईनं ऐकवलं. ती चुकीचं बोलत न्हाई. मला आतापासूनच ओंगळ वाटतंय.

दिवाळीला येशील का, ते लिही.
दादा


भिवरवाडी
२७ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सुवर्णाचा नमस्कार. वि. वि. पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर परत वाचायला लावलं.

नदी अजून तशीच हाय, आन् पुण्याचं पाणी येतच राहणार, ते मला कळतं. तरी भाऊबीजेला मी येते. वहिनीची समजूत मी घालीन. आन् वासाचं म्हणशील, तर येऊ दे दादा तुझ्या अंगणात. इतकी वर्षं माझ्या अंगणात येत व्हता.

थोरांना नमस्कार, पोरांना पापे.
तुझीच,
सुवर्णा