जेनिनाच्या फाइलवरचा माझा शेरा

दि. १८ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. श्री. जगन्नाथ वेर्णेकर,
व्यवस्थापक, कर्मचारी विभाग,
सुवास क्लीनिंग सर्व्हिसेस,
अल मनखूल, दुबई.

विषय : माजी कर्मचारी जेनिना (युगांडा) हिच्या फाइलमधील माझा शेरा रद्द करण्याबाबत.

संदर्भ : तिचा राजीनामा फॉर्म, दि. ९ नोव्हेंबर २०२४.

महोदय,

मी मुहैस्नाह येथील महिला निवासाची सुपरवायझर आहे. फॉर्ममध्ये शेऱ्यासाठी एकच ओळ असते, तीत हे मावत नाही. आपण मराठी वाचता, म्हणून मराठीत लिहिण्याचं धाडस करते.

१. जेनिना खोली क्र. १४ मध्ये युगांडाच्याच पाच मुलींसोबत राहत होती. सहाजणी एका पातेल्यातलं जेवत. जूनमध्ये तिच्या भागातली एक नवी मुलगी आली आणि तिने जेनिनाला ओळखलं. दुसऱ्या दिवशी पाचहीजणी माझ्याकडे आल्या. "मॅडम, ती त्वा आहे. आमच्यात त्यांच्या ताटाला कोणी हात लावत नाही."

२. मला त्वा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी जेनिनालाच विचारलं. ती म्हणाली, "आम्ही जंगलातले. गोरिलांसाठी जंगल राखीव झालं, तेव्हा माझ्या आईबापांना बाहेर काढलं. तेव्हापासून आम्ही दुसऱ्यांच्या शेताच्या कडेला राहतो. इथे कोणी ओळखणार नाही असं वाटलं होतं."

३. भांडण मिटावं म्हणून मी तिच्यासाठी वेगळं ताट व कप आणले, दोन्हींवर तिचं नाव लिहिलं. तिने कप दोन्ही हातांनी घेतला आणि "थँक यू, मॅडम" म्हणाली. महोदय, आमच्या गावच्या हॉटेलात माझ्या वडिलांचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असे. पिऊन झाल्यावर तो त्यांनीच धुवायचा. ही गोष्ट मी दुबईत आजवर कोणालाही सांगितलेली नाही. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. तरी मी कप परत घेतला नाही.

४. पुढे त्या मुलींना बाथरूमही वेगळं हवं झालं. मी जेनिनाला स्टोअररूममध्ये हलवलं. फिनेलच्या कॅनच्या शेजारी ती चार महिने झोपली. खोकला जडला, तरी एकही ड्यूटी चुकवली नाही. शेवटी म्हणाली, "मॅडम, खलास. घरी जाते."

५. फॉर्मवर मी इंग्रजीत लिहिलं : 'एकलकोंडी. सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही.' तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय लिहिलं?" मी म्हटलं, "सगळं चांगलं लिहिलंय."

६. गेल्या महिन्यात अबू धाबीतल्या एका कंपनीने तिला निवडलं होतं. आपल्या ऑफिसकडून माझा शेरा गेला आणि तिला नकार आला. परवा तिचा व्हॉइस मेसेज आला. रडत नव्हती. एवढंच विचारत होती : "मॅडम, माझं काय चुकलं? सांगा, मी सुधारेन."

तरी विनंती की, माझा शेरा खोडून तेथे पुढीलप्रमाणे नोंद करावी : 'काम उत्तम. सहकाऱ्यांनी सोबत जेवू दिलं नाही. सुपरवायझरने ते चालू दिलं.' ही नोंद त्या कंपनीला कळवावी. माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती करावी, माझी हरकत नाही.

तिच्या मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आपला निर्णय हाती आला की तिला फोन करीन, आणि चूक तिची नव्हती हे आधी सांगेन.

आपली नम्र,
कुंदा रणपिसे
सुपरवायझर, महिला निवास, मुहैस्नाह

सोबत : १) राजीनामा फॉर्मची प्रत
२) जेनिनाचा हजेरीपट, एकही खाडा नाही