दोन पाळ्या, एक खोली

३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं, म्हणून लिहिते. विमा कंपनीतलं माझं काम संपलं. सोमवारपासून हंगामी कामं देणाऱ्या एजन्सीने एका गोदामात पाठवलंय. परत आलेला माल तपासायचा, दुपारी दोन ते दहा. दीड वर्षातली ही सहावी जागा. गळ्यातलं ओळखपत्र दर वेळी नवं, फोटो मात्र तोच. त्यातली मुलगी आता माझ्यापेक्षा गुबगुबीत दिसते.

घरी कधी येतेस, असं तुम्ही विचारता. हंगामी माणसाने रजा मागितली की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरं कोणीतरी उभं असतं. कायम झाले की येईनच. फार आठवण येते.

तुमची,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

‘येईनच’ हा शब्द तुझ्या प्रत्येक पत्रात असतो. तुझी आई गेल्यापासून मी रेडिओशीच बोलतो, आणि तो मधेच बोलत सुटतो.

काल तुझ्या एजन्सीच्या इथल्या शाखेत गेलो. पोरीला रजा का देत नाही, हे विचारायला. तिथल्या बाईंनी बसवलं, पाणी दिलं आणि आकडे दाखवले. राज्यभर हंगामी माणसांची मागणी घटली आहे. टेबलावरची आणि फोनवरची कामं आधी आटली. कारखान्यांना मात्र लेथ मशीनवर हात बसलेली जुनी माणसं दोन-तीन महिन्यांसाठी हवी असतात, आणि ती मिळत नाहीत. मी एकतीस वर्षं लेथवर होतो म्हटल्यावर त्यांनी फॉर्मच पुढे सरकवला. गेलो होतो भांडायला, आलो नाव नोंदवून.

तुझा,
बाबा

१६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

चौसष्टाव्या वर्षी आठ तास उभं राहायचं? गुडघ्यांना विचारलंत का? नाव काढून घ्या, माझी शपथ आहे.

आणि पाठवणार कुठे, हे त्यांनी सांगितलं का?

भिंगरी

२ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

शपथ मोडली. तीन गावांतून निवड होती, त्यात तुझं शहर होतं. दोन महिन्यांचं काम आहे. शुक्रवारी पोचतो. खोलीत एका माणसाची जागा कर. माणूस फार हलत नाही.

बाबा

१७ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

एकाच खोलीत राहून पत्र लिहायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. तुम्ही सातला कामावर, साडेतीनला सुटका. मी त्याआधीच बाहेर पडलेली असते. परत येते तेव्हा तुम्ही गाढ झोपलेले. दोन्ही रविवारी तुमच्या कारखान्याने जादा कामाला बोलावलं. तुमचा ओला टॉवेल आणि दाराजवळचे बूट, एवढेच तुम्ही मला भेटता. दूर होतात तेव्हा वाट पाहणं सोपं होतं.

मला उठवत का नाही?

भिंगरी

१८ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

तू तरी मला कुठे उठवतेस? मी रोज निघताना तुझ्याजवळ मिनिटभर उभा राहतो. चार वर्षांची होतीस तशीच अजून गालाखाली हात घेऊन झोपतेस. दाढी करताना गुणगुणायची सवय आवरली आहे.

इथली मंडळी मला ‘मास्तर’ म्हणतात. काल लेथवर आटे पाडलेला एक तुकडा असा जमला की वाटलं, तुला दाखवावा.

बाबा

२० मार्च

ती. बाबांस,
सा. न.

तुम्ही झोपला आहात, म्हणून लिहून ठेवते. गोदामातल्या ऑर्डरी कमी झाल्या. आम्हा चाळीस हंगामी माणसांना सुपरवायझरने एका रांगेत उभं करून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कायम माणसांपैकी कोणी मान वर केली नाही. एजन्सीकडेही तूर्त काही नाही.

वाईट वाटलं. गळ्यातलं ओळखपत्र काढून परत केलं. पण रस्त्यावर आल्यावर मनात आलं ते वेगळंच. उद्या तुम्ही घरी याल तेव्हा मी घरी असेन.

भिंगरी

२१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. उठवावंसं फार वाटलं, पण पोटभर झोप. काम जातं तेव्हा आपल्यातच काही उणं असल्यासारखं वाटतं. तसं नाही, बाळा. काम त्यांचं आटलं, तू नाहीस.

सुटलो की वाटेत कुठेही न थांबता येतो. सव्वाचारला पोचेन. या पत्राला उत्तर लिहू नकोस. समोर बस आणि सांग.

बाबा