मास्कमधला एक बिट

मंगळवार, संध्याकाळ. लष्कर.

जिवाला चैन नाही. आमचं लष्कर भागातलं ऑफिस आणि कंपू भागातलं ऑफिस एक होतंय. इथलं नेटवर्क मी सांभाळते, तिथलं विनीताताई. दोन्हीकडच्या संगणकांचे पत्ते जुळवायला सी भाषेत प्रोग्राम लिहिला. मास्कमधला, म्हणजे नेटवर्कची हद्द ठरवणाऱ्या आकड्यातला, एक बिट कमी केला आणि दोन्हीकडचं नेटवर्क एकच निघालं. तसाच बदल प्रत्यक्ष नेटवर्कवर केला, चालला! खुशीत साहेबांना दाखवायला गेले, तर म्हणाले, "नेटवर्क एक, तो सँभालनेवाले दो क्यों?"

कोणी सांगितलं होतं मला एवढी घाई करायला? एक बिट फक्त!

परत येते तो आमच्या प्रिंटरवर ताईंचं पान पडलेलं. कंपूहून पाठवलेलं, चाचणीचं: "आता आपण एकाच घरात! मिळालं का गं?"

तो एक बिट अजून डोक्यातून जात नाही. फोन करून एवढंच म्हटलं, "मिळालं, ताई."