मुकादमाच्या अंगावरचे एकोणीस ठिपके

तीर्थरूप भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इथे खुशाल आहोत, आणि ‘सगळे’ या शब्दात तुमचे अकराही मासे धरलेले आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही बसून, चष्मा लावून, शांतपणे वाचाल. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? लेकीची आणि बाळाची तब्येत बरी असेलच. बाळ थेट तुमच्यासारखं दिसतं असं ताईने फोनवर सांगितलं. काळजी करू नका, पहिल्या वर्षात चेहरे बरेच बदलतात. खरं तर हा मजकूरही फोनवर सांगता आला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. पत्रात तुम्हाला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं, आणि या वेळी मला तेवढी सवलत हवीच होती.

टाकी आमच्याकडे ठेवून लेकीकडे जाताना तुम्ही चौदा कलमांचा कागद दिला होतात, तो मी घड्याळं दुरुस्त करायच्या टेबलासमोर चिकटवला आहे. (कलम तीनमध्ये, दाण्यांच्या बाबतीत, ‘चिमूटभर’ शब्दाखाली दोन रेघा आहेत. माझी चिमूट तुम्हाला कशी ठाऊक?) हिने तर पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की माणसांचं करता करता जीव मेटाकुटीला येतो, त्यात आता माशांची भर नको, त्या टाकीला मी बोटसुद्धा लावणार नाही. सगळी जबाबदारी माझ्यावर आली, आणि तीन आठवडे मी ती इतकी चोख पार पाडली की मला स्वतःचंच कौतुक वाटू लागलं. चौथ्या आठवड्यात, एका सकाळी, मुकादमाच्या अंगावर कोणीतरी मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले.

मुकादम म्हणजे तुमचा तो मोठा करडा गुरामी, दोन लांब मिशांचा, जो बाकीच्या दहा जणांना कामाला लावतो. मी कामाचं भिंग डोळ्याला लावून ठिपके मोजले: एकोणीस. (तो एका जागी थांबत नाही, तेव्हा एखाददुसरा इकडेतिकडे.) तो तळाच्या खड्यांवर अंग घासत होता, आणि दाणे टाकले तरी वर येत नव्हता. माझ्या पाचावर धारण बसली. आठ वर्षांपूर्वी तुमची छत्री नेली होती, ती मी कोणत्या अवस्थेत परत केली हे आपल्या दोघांनाही आठवतं, आणि छत्रीला निदान जीव नव्हता.

टाक्यांच्या दुकानातल्या बाई तुम्हाला चांगलं ओळखतात. मला मात्र त्यांनी आरोपीसारखं उभं करून प्रश्न विचारले आणि मग सगळं समजावलं. हा जंतूंचा आजार. रोज मोजून औषधाचे थेंब टाकायचे. फिल्टरमधला कोळसा आधी काढून ठेवायचा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. तळाचा गाळ नळीने ओढून काढायचा. आणि हीटरने पाणी हळूहळू तीस अंशांवर नेऊन तिथेच ठेवायचं, अजिबात खाली येऊ द्यायचं नाही. ठिपके गेले की आजार गेला असंही समजायचं नाही, कारण ते गळून तळाशी पडतात, तिथे एकाचे शेकडो होतात आणि पोहत परत माशांना चिकटतात. औषध लागू पडतं ते नेमकं त्या पोहण्याच्या वेळात. पाणी गरम असलं की हे सगळं लवकर उरकतं आणि जंतू औषधाच्या तावडीत सापडतात. घड्याळाच्या माणसाला हे ताबडतोब पटलं. वेळ चुकली की सगळं चुकलं.

चौथ्या दिवशी ठिपके गेले. मी तुम्हाला विजयाचं पत्रही लिहिलं होतं, नशिबाने घरात तिकीट नव्हतं. सातव्या दिवशी ठिपके परत आले, आणि या वेळी मोजायची सोय राहिली नाही. आणखी चार माशांना लागण झाली. मुकादम मिशा आवळून फिल्टरच्या मागे एका कोपऱ्यात नुसता तरंगत राहिला. भाऊजी, खोटं कशाला बोलू, तोवर मला तुमची भीती वाटत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मुकादमासाठी वाईट वाटलं. ही स्वयंपाकघरातून दोनदा येऊन बघून गेली.

मी पाण्याच्या तापमानाच्या नोंदी घेऊन पुन्हा दुकानात गेलो. तीस, पंचवीस, एकोणतीस, चोवीस. बाईंनी कागद एकदा वरून खाली वाचला आणि एवढंच विचारलं, “तुमच्या घरात हीटर कोण बंद करतं?”

कोणीच नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. घरी येऊन हिला विचारलं, तर तिने तोच प्रश्न मला विचारला. दोन दिवस आम्ही एकमेकांवर पाळत ठेवली. मी टेबल हलवून टाकीच्या समोर आणलं, तिने भाजी चिरायला बाहेरच्या खोलीत बसायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात गिऱ्हाईक आलं म्हणून मी उठलो, आणि टाकीशेजारून जात होतो, तोच मागून ही शांतपणे म्हणाली, “आता स्वतःच्या हाताकडे बघा.”

माझं बोट बटणावर होतं. बटण बंद होतं.

आता तुम्हाला वेगळं काय सांगायचं? आमच्या बाबांनी आम्हा चारही भावंडांना जाता-येता दिसेल ते बटण बंद करायला शिकवलं, ते इतकं हाडात मुरलं आहे की डोक्याला कळवायची गरज उरलेली नाही. तुम्ही दाढी करत असताना ताईने दिवा घालवल्याचं तुम्ही लग्नानंतर वर्षभर सांगत होतात. तुमच्या घरी हीटरचं बटण कपाटाच्या मागे, ताईचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर का आहे, हे मला आत्ता समजलं. मात्र ही सूचना पंधरावं कलम म्हणून लिहिली असतीत तर बरं झालं असतं.

हिने त्या बटणावर जखमेला लावायची चिकटपट्टी आडवी लावली. बोटाला ती लागली की मी भानावर येतो. त्यानंतर पाणी तीस अंशांवरून हललं नाही. औषध, गाळ, पाणी बदलणं, सगळं नेमाने चाललं. शेवटचा ठिपका जाऊन आता बारा दिवस झाले. गेल्या आठवड्यात मुकादम फिल्टरच्या मागून बाहेर आला, त्याने सगळ्यांना एकदा हाकलून काढलं आणि दाणे खाल्ले. माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा निर्धास्त असा, आणि लहानग्याला आमचा पापा द्या.

आपला आज्ञाधारक (चौदापैकी तेरा कलमांपुरता),
मेहुणा

ता. क. कंसातला हिशेब तुमच्या लक्षात आलाच असेल. राहिलेलं कलम सातवं: ‘नवा मासा दोन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय टाकीत सोडू नये.’ मुकादम मला एकटा वाटला म्हणून मी दोन छोटे मासे आणून त्याच दिवशी आत सोडले होते. आजार त्यांच्याबरोबर आला असावा असं बाईंचं म्हणणं आहे. ते दोघे मजेत आहेत.

ता. क. दुसरा. ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते राहूनच गेलं. तुम्ही परत आलात की टाकी आणि बाकीचे दहा मासे तुमचे तुम्हाला मिळतीलच, पण मुकादमाला इथेच राहू द्याल का? हिने पाण्यात बोट धरलं की तो वर येतो आणि मिशांनी ते चाचपून बघतो. ती स्वतःहून काही मागणार नाही. फक्त तुम्ही कधी येणार हे रोज विचारते, आणि तिचा स्वर पाहुण्यांची वाट बघणाऱ्याचा वाटत नाही.

ता. क. तिसरा. भाऊजी, नमस्कार. हे अक्षर माझं. यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. मुकादमाला एकट्याला ठेवू नका. कोणाला हाकलायला नसेल तर त्याचं मन रमणार नाही. ठेवायची तर अख्खी टाकी ठेवा, तुमच्यासाठी आपण नवी बघू. वन्संना म्हणावं, लेकीजवळ हवं तितकं राहा, मुळीच घाई करू नका. तुम्ही येणार आहात हे मी मुकादमाला अजून सांगितलेलं नाही.