कुदळीविना वाफा

३ ऑक्टो.
धुळ्याहून परत. डॉक्टर म्हणाले, "कुदळ विसरा. मणका पुन्हा सरकला तर ऑपरेशन."
घरी नाना (सासरेबुवा) तयारीतच. "आते परसबाग बंद. तठे ट्रॅक्टरले शेड करू."
म्हटलं, कुदळ बंद. परसबाग नाही.

५ ऑक्टो.
न खणता वाफा करायचा. व्हिडिओ तीनदा पाहिला. पाटावर बसून विळ्याने गवत कापलं, मुळं तशीच ठेवली. जाऊबाईंनी (अक्कांनी) किराणा दुकानातून रिकामी खोकी आणली. म्हणाल्या, "नानासले सांगू नको."

९ ऑक्टो.
खोकी उलगडून गवतावर अंथरली, भिजवली. वर शेणखत, त्यावर सोयाबीनचा भुसा. पाठ ठणकतेय. असो.
नाना: "हाऊ बठ्ठा उकिरडा शे. नांगर नही, कुदळ नही, काय उगी?"
"बांधावरच्या बाभळी कुणी नांगरून लावल्या, नाना?"
नाना चहा अर्धा टाकून उठले.

१३ ऑक्टो.
न सांगता माती उलथायला रोटाव्हेटर बोलावला नानांनी! मी वाफ्यासमोर खुर्ची टाकून बसले. ड्रायव्हर म्हणे, "काकू, सरका ना." सरकले नाही. अक्का मेथीची जुडी घेऊन शेजारी येऊन बसल्या, निवडत राहिल्या. इंजिन अर्धा तास चालू. मग ड्रायव्हर गेला.
सुरतेहून ह्यांचा फोन. "नानांशी वाद कशाला?" वाद मी नाही घातला. बसले फक्त.

१९ ऑक्टो.
नाना बोलत नाहीत. जेवायचं ताटसुद्धा अक्कांकडून मागतात. मागू देत.
कोंबड्यांनी भुसा विस्कटला. पुन्हा पसरला, कडेने बोरीच्या काट्या लावल्या. पुठ्ठ्याचं टोक उचलून पाहिलं. गवत पिवळं पडलंय, खाली माती ओली, लोण्यासारखी. दोन गांडुळं. अक्कांना हाक मारून दाखवली. त्या नुसत्या हसल्या.

२७ ऑक्टो.
नानांनी गवंडी आणला. शेडचं माप घेतलं, चुन्याची रेघ थेट वाफ्यावरून ओढली. सोमवारी सिमेंट येणार म्हणे.
गवंडी गेल्यावर मी पाट घेऊन बसले. भुसा बाजूला करत त्या रेघेवरच लसूण लावला, पाकळी पाकळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चुना भुशात मिसळून गेला.
नाना मागच्या दारात उभे होते. मी वर पाहिलं नाही. लसणाच्या अजून तीन ओळी बाकी.