दुकान वाढव

६ एप्रिल २०२१, मंगळवार

पुन्हा शटर! सकाळी पोलिसांची गाडी भोंगा लावून बाजारातून फिरली. इकडे भट्टी पेटलेली, कढईत आलूबोंडे अर्धे कच्चे. हे म्हणतात, "तळून तं घे, फेकशील काय?" तळले. खाणार कोण? थोडे आम्ही खाल्ले, थोडे शेजारच्या बांगडीवाल्या टेकचंद भाऊजींना दिले, उरलेले चौकातल्या पोलिसांनी खाल्ले. ज्यांनी शटर पाडायला लावलं त्यांनीच चटणी मागितली. वरून म्हणे, "तीखा कम है भाभी."

असा संताप आला ना!

९ एप्रिल

पार्सल चालते म्हणून यांनी अर्धं शटर उचललं. पण आमचं हॉटेल म्हणजे काय नुसता पोहा आहे का? बाकड्यावर बसायचं, दुसऱ्याच्या हातातला पेपर वाचायचा, अजून तर्री टाका म्हणायचं, राजकारणावर भांडायचं — तेव्हा तो पोहा अंगी लागतो. पन्नीत बांधून दिलेली तर्री घरी जाईपर्यंत गारढोण.

गल्लीत आता उरलं कोण? कोपऱ्यावरचा टेलर गेल्या वर्षीच गेला. साडीवाले दिवाळीनंतर गेले. दोघांच्या गाळ्यांत कुरियरवाल्यांचे खोके छतापर्यंत. घरबसल्या साड्या मागवा, कोण येते बाजारात? दुलीचंदजी गाळ्यांचे मालक. त्यांचं बरं आहे, माणूस गेला की खोका येतो. परवा आमच्याही हॉटेलात उभे राहून वर छताकडे पाहून गेले. पोहा न खाता!

१३ एप्रिल, पाडवा

भट्टीला हळद-कुंकू वाहिलं. यांनी हात जोडले आणि बराच वेळ जोडूनच ठेवले. मी विचारलं, "काय मागून राहिले?" तर म्हणाले, "गिऱ्हाईक."

शेती भावाला देऊन हा माणूस गोंदियात आला तेव्हा इकडच्याच गोरेगाव तालुक्यातले नातेवाईक हसले होते. "पोवाराचा पोरगा वावर सोडून बोंडे तळते!" हसोत बापडे. आज त्याच नातेवाईकांना बाजारात आलं की आमचंच बाकडं लागते. मी लग्न होऊन मुर्री वस्तीतल्या घरात कमी आणि या हॉटेलातच जास्त नांदली. माझं सासर म्हणजे हेच. हे गेलं तर हा माणूस बसणार कुठं, करणार काय? मला त्याचीच धास्ती आहे. बाकी मीठ-भाकरी कुठंही मिळते.

१७ एप्रिल

तर्रीचा लसूण जळला. पार काळा कोळसा! मी मागच्या मोरीपासून ओरडत आली आणि हे कढईसमोर उभे, झारा हलवून राहिले. "वास नाही येत काय तुम्हाले?" म्हणाले, "नाही."

मी झारा हातातून काढून घेतला. अंगाला हात लावला तर तापलेलं. म्हणतात, ऊन लागलं. कुठलं ऊन हो, अर्ध्या शटरच्या आत?

१९ एप्रिल

बेड मिळाला. कसा मिळाला ते लिहीत नाही. गेटवरच अडवलं मला. हे आत गेले आणि वळून पाहिलंही नाही. सोनिका म्हणते, "आई, त्यांना मान वळवायचा दम नव्हता." असेल.

२२ एप्रिल

टेकचंद भाऊजीही चालले. अवंदाही लग्नं नाहीत, बांगड्या भरणार कोण? सगळा माल गवतात बांधून टेम्पोत चढवला, बालाघाटला लेकीकडे जातात. जाता जाता मला म्हणाले, "वहिनी, हात इकडं करा." हिरव्या बांगड्या भरल्या. म्हणे, नवरा दवाखान्यात असताना बाईनं हात रिकामा ठेवू नये. पैसे देऊ लागली तर रागावले.

मी उभ्या उभ्या रडली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून दुकानं! त्यांची काच फुटली की आमच्याकडे ऐकू यायची, आमची फोडणी पडली की ते पलीकडून खोकायचे.

२४ एप्रिल

यांचा फोन आला! कोण्या पेशंटच्या पोराच्या मोबाइलवरून. यांच्या फोनचा चार्जर आत कुणीतरी उचलला म्हणे. आवाज असा, विहिरीतून येते तसा. दोन शब्द बोलायचं, श्वास घ्यायचा. मी मूर्ख, काय बोलावं ते न सुचून बाजाराचं सांगत बसली. म्हटलं, टेकचंद भाऊजी गेले, त्यांचा गाळा रिकामा झाला.

बराच वेळ नुसती घरघर. मग म्हणाले, "सोनिकाची माय... आता तू... दुकान वाढव."

म्हटलं, "काऊन असं बोलता?" तर तो पोरगा म्हणाला, "काकू, मास्क लावला त्यांना, नंतर करा."

वाढव! आमच्या बाजारात कोणी बंद म्हणत नाही. अपशकुन. कुंकू पुसलं म्हणत नाहीत, बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि दुकानही वाढवलं म्हणतात. रोज संध्याकाळी हेच तर ओरडायचे — चला, वाढवा आता! पण ते रोजचं वाढवणं होतं. सकाळी उघडायचंच असायचं. आज कसं म्हणाले! टेकचंद गेला, आता आपणही आवरतं घ्यायचं. मरतानाही या माणसानं तोंडातून अशुभ शब्द काढला नाही.

मरताना काऊन लिहिलं मी? खोडते.

२५ एप्रिल

जेवली नाही. सोनिका म्हणते, "बाबा बरे होऊन येऊ दे, मग ठरवू." तिला काय कळते! हॉटेल सुटलं तर जीव सुटेल असं तो माणूस नेहमी म्हणायचा. त्यानं स्वतः सोडून दिलं म्हणजे आत काय चाललं असेल? त्याचा जीव त्या भट्टीत अडकून नको राहायला. सांगितलं तसं करते.

आज त्या पोराला फोन लावला. त्याचा बाप गेला. तो गावी गेला. पुढे विचारायची हिंमत झाली नाही.

२७ एप्रिल

किल्ली दिली.

दुलीचंदजी दूर उभे राहून, दोन दोन मास्क लावून म्हणाले, "भाभीजी, जल्दी नहीं है. भाईसाब से पूछ लिया ना?"

मी म्हटलं, त्यांनीच सांगितलं.

म्हणाले, "फिर ठीक है. कुरियरवाले दोनों गाले साथ में लेंगे. बीच की दीवार तोड़ देंगे." एवढं बोलून मान खाली घातली. वाईट माणूस नाही तो. पण मला त्या घडीला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

भट्टी उचलत नव्हती, फोडूनच काढावी लागली. मिस्त्रीनं पहिला घाव घातला आणि मी बाहेर जाऊन बसली.

१ मे

यांना आयसीयूत हलवलं. दवाखान्यातून फोन आला की देवाजवळ दिवा लावते, नाही आला तरी लावते.

बाजारातून जायचं टाळते. मंडईचं काम असलं तरी लांबून फिरून जाते. काल नाइलाजानं जावं लागलं, तर दोन्ही गाळ्यांत खोकेच खोके. आमचं बाकडं होतं तिथं कोणाचा तरी मिक्सर, कोणाचा तरी पंखा. तर्रीचा वासही नाही. इतक्या वर्षांचा वास असा कसा जाते हो? मला वाटलं, माझंही नाक गेलं.

रागवायचं कोणावर? रोगावर? सरकारवर? मी यांच्यावरच रागावते. सांगितलं काऊन मला? नसतं सांगितलं तं मरेपर्यंत दुकान धरून बसली असती मी.

७ मे

नर्सबाई म्हणाली, "ऑक्सिजन कमी केला. पेशंट खिचडीला नावं ठेवते." बाप्पा! खिचडीला नावं ठेवते म्हणजे हाच माणूस! सोनिकानं आणि मी एकमेकींना मिठी मारली. मग लगेच आठवलं की येऊन तो बसणार कुठं.

मनाला समजावलं, त्यांनीच ठरवलं होतं ना, त्यांना माहीत आहे. मला सांगावं लागणार नाही. एवढं तरी बरं.

१२ मे

सुट्टी मिळाली. अर्धे झाले आहेत. ऑटोत बसवलं, तर पाणी नाही मागितलं, पोरीची विचारपूस नाही. माझा हात धरला आणि म्हणाले, "टेकचंदचा गाळा घेतला ना वो? आपलं दुकान वाढव म्हटलं होतं तुले. मंधातली भिंत मीच पाडीन. दुसऱ्याले हात लावू देशील नोको."

मी म्हटलं, घेतला.